धुतलेली काठवट

तांपेरे, ६ मे

ती. हिल्क्काआत्यास,
सिल्याचा सा. न. वि. वि.

फोन करणार होते. पण फोनवर आपण दोघी एकमेकींचं मौन ऐकतो आणि कंपनी त्याचे पैसे घेते. म्हणून पत्र.

बातमी चांगली नाही. यार्नोदादाच्या लेकीच्या, पिहलाच्या रक्तात एक प्रतिपिंड सापडलं आहे. म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांपैकी काहींनी तिच्याच स्वादुपिंडाकडे, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींकडे, संशयाने बघायला सुरुवात केली आहे. एकच प्रतिपिंड असलं तर ते कधीकधी आपोआप नाहीसं होतं. त्याच्या जोडीला दुसरं आलं, तर मधुमेह आज ना उद्या होणार असंच धरून चालायचं. पुढची तपासणी ऑगस्टमध्ये.

रविवारी दादा म्हणाला, तू दिवसभर लोकांच्या पोरांचे लंगोट तपासतेस, तर सांग, हिला काय खायला घालू? मी सुरुवात केली. आतड्यातले काही जंतू बाळाच्या पहारेकऱ्यांना तालीम देतात, चोर कोण आणि घरचा कोण ते शिकवतात. आपल्या स्वच्छ घरांतल्या बाळांच्या पोटात मात्र बहुधा मवाळ जंतूंचाच भरणा असतो. त्यांच्या हाताखाली कुणी काही शिकत नाही, असा आमचा कयास. तुझ्या गावापलीकडे, देशाची सीमा ओलांडली की आपल्याच रक्ताच्या माणसांत हा आजार कितीतरी कमी. कॉफीची किटली रिकामी होईपर्यंत मी बोलत होते. दादाने कप उचलले आणि म्हणाला, म्हणजे तुला माहीत नाही.

माझ्या आठ वर्षांच्या शिक्षणाचा इतका नेमका सारांश आमच्या प्राध्यापकांनाही जमलेला नाही.

लोभ आहे तेवढा असू दे. वाढवावा, यासाठी माझ्याकडे पुरावा अपुरा आहे.

तुझी,
सिल्या

*

इलोमान्त्सी, १५ मे

चि. सिल्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. एकदा पिहलासाठी आणि एकदा तुझं काय म्हणणं आहे ते कळावं म्हणून. दुसऱ्या वेळी यार्नोचंच पटलं.

मध्य उन्हाळ्याच्या सणाला पोरीला घेऊन या. इथे गोठा आहे, शेण आहे, मांजर आहे, आणि मान्सिक्की गाय आहे, जी कुणाचंही तोंड चाटते. तुमचे पहारेकरी शिकायचे असतील तर शिकतील, नसतील तर दूध तरी पितील. तुम्ही शहरातले लोक फरशी पुसून मग तिच्यावर पोर ठेवता, आणि मग पोरांच्या पोटात काय नाही ते शोधायला पगार घेता. गंमतच आहे बाई.

तू येताना पांढरे बूट आणू नकोस. मागच्या वेळचे अजून माझ्या डोळ्यांपुढे आहेत.

सगळ्यांना जवळ घेते, तुला थोडं लांबून; तुला तसंच आवडतं.

आत्या

*

तांपेरे, १ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. पिहला आता मांजराच्या ताटलीतूनच दूध पिणार म्हणते. तालमीचं खरं वय पहिलं-दुसरं वर्ष असतं, ती चार वर्षांची आहे, तेव्हा चार दिवसांच्या गोठ्याने काही बदलेल असं मानायला आधार नाही, हे मी गाडीत दादाला सांगितलं. त्यावर त्याने विचारलं, मग रोज सकाळी तिला उचलून गोठ्यात कोण नेत होतं? मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर झाडं होती. बराच वेळ होती.

एक सांगायचं राहिलं. तुला स्वयंपाकघरात मदत केलेली आवडत नाही, म्हणून तू धारा काढायला गेलीस तेव्हा सौनाच्या न्हाणीघरातलं उरलेलं कढत पाणी घेऊन तुझी पावाची काठवट धुऊन टाकली. आत किती काळचं पीठ सुकलं होतं! सोडा लावून, घासून, उन्हात वाळवून जागेवर ठेवली आहे. अगदी नव्यासारखी दिसते.

पाहुणचाराची परतफेड म्हणून एवढं गोड मानून घे.

सिल्या

*

इलोमान्त्सी, ९ जुलै

चि. सिल्यास,
आशीर्वाद, आज जेमतेम.

काल पाव करायला काठवट काढली आणि बाकावरच बसले. अगं, तुझ्या पणजीपासून तिला धुण्याचं पाणी लागलं नव्हतं! पाव आंबवायचं विरजण कुठे असतं असं तुला वाटलं, दुकानात? ते सुकलेलं पीठ म्हणजेच विरजण. गरम पाणी घालायचं नसतं, खरवडायचं नसतं, नुसतं पुढचं पीठ भिजवायचं. आणि तू जंतूंची डॉक्टर! मान्सिक्कीला सांगितलं, तिने रवंथ थांबवला.

आपलं विरजण आता एकाच घरी उरलं होतं. गावातल्या लेम्पीकडे. तिच्या लग्नात माझ्या आईने दिलेलं. तुला ठाऊक आहे, लेम्पीशी मी बोलत नाही. ती दलदलीतल्या पिवळ्या फळांच्या माझ्या गुप्त जागेपर्यंत चोरपावलांनी मागोमाग आली होती, तेव्हापासून. पण पाव तर हवा. गेले. दारात उभी राहिले. तिने कॉफी ठेवली. दुसऱ्या कपाला मी म्हटलं, भाचीने काठवट धुतली. ती इतकी हसली की तिला टेबल धरावं लागलं. मग कापडात गुंडाळून गोळा दिला, आणि दाराशी विचारलं, यंदा फळं धरली का गं? मी म्हटलं, नाही. खोटं बोलले. तेवढं चालतं.

पिहलाचं काय ते लगेच कळव. फिरवून फिरवून लिहू नकोस.

आत्या

*

तांपेरे, २३ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दुसरं प्रतिपिंड आलं.

महिने लागतील किंवा वर्षं, ते सांगता येत नाही. आज ती ठणठणीत आहे आणि मांजर मागते आहे. आधी कळल्याचा एक फायदा: आजार उघड होईल तेव्हा तो आपल्याला बेसावध गाठणार नाही.

दादा धुतलेलेच कप पुन्हा धूत होता. त्याने फक्त विचारलं, आत्याचा पाव तिला द्यायचा की नाही? मी ‘सर्वसाधारणपणे’ म्हटलं नाही. हो म्हटलं.

काठवटीबद्दल रीतसर माफी मागते. जंतू माणसाकडून माणसाकडे जपून पोचवावे लागतात, हे मी परिषदांतून चित्रं दाखवून सांगते. आणि तीन पिढ्यांनी पोचवलेले मी एका फटक्यात कढत पाण्याने मारले. विरजणातले जंतू पाव भाजतानाही मरतात, तेव्हा तो औषध नव्हे, हेही लिहिते. न लिहिता मला झोप येणार नाही.

इन्सुलिन सुरू झालं की तिच्या प्रत्येक घासातली कर्बोदकं मोजावी लागतील. आजार थांबवणं मला येत नाही. मोजणं येतं. म्हणून पावाची कृती पाठव, ग्रॅममध्ये. ‘मूठभर’ चालणार नाही. आत्तापासून सवय केली तर त्या दिवशी घरात कुणाचा हिशेब चुकणार नाही. माझा तरी.

लोभ वाढवावा. या वेळी पुराव्याशिवाय.

सिल्या

*

इलोमान्त्सी, ४ सप्टेंबर

चि. सिल्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून गोठ्यात गेले. तिथे बरं असतं, कुणी बघत नाही.

मग लेम्पीकडे. मुरंब्यासाठी तिच्याकडे वजनकाटा आहे. माझी मूठ तीनदा मोजली, तिन्ही वेळा वेगळी भरली. लेम्पी म्हणाली, ही बाई कुणावर रागावली आहे त्यावर असतं ते. शेवटी जन्मात पहिल्यांदा पीठ वजन करून पाव केला. जरा घट्ट झाला, पण आकडे खरे आहेत. मागच्या पानावर लेम्पीच्या अक्षरात लिहिलेत, माझ्या नाही, कारण माझे आकडे तू वाचू शकत नाहीस.

शनिवारी लेम्पीचा मुलगा तुमच्याकडे येतो आहे. त्याच्याबरोबर काठवट पाठवते. लेम्पीच्या विरजणाचे चार पाव तिच्यात झाले आहेत, कडांना पीठ धरलंय. मला दुसरी मिळेल. ही पिहलाच्या घरी राहू दे.

मळायचं काम यार्नोचं. मोजायचं तुझं. धुवायचं कुणाचंच नाही.

आत्या