पडक्या मशिदीत बाबांचे बूट

रविवार, ११ जानेवारी १९९८

संताप शमत नाही. सोपाऱ्याजवळच्या त्या जुन्या मशिदीला घुमट नव्हता, मिनारही नव्हते. दगडी खांब लाकडासारखे खाचांत बसवलेले. आता त्यांतले चार आणि झाडलेली फरशी, एवढेच उरले आहे.

“चपला काढ गो बाय,” झाडणारी म्हातारी म्हणाली. मी काढल्या. बाबा हसले. “छप्परच नाही, आजी! कसली मशीद?” आणि बुटांसकट आत. तिने त्यांच्या ठशांवर पुन्हा केरसुणी फिरवली. ते ठसे! आणि मी? खाली मान घालून वहीत खांब रेखाटत राहिले.

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीच्या भूमिपूजनाला, उघड्या माळावर, बाबांनीच मला दटावून चपला काढायला लावल्या होत्या. हे मला तिथेच आठवले होते. तरी बोलले नाही.