ओसम नदीत टाकलेली किल्ली

लोवेच, ९ ऑक्टोबर, शनिवार

स्नेझे,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. तू आणि तिकडे इटलीत तू सांभाळतेस ती बोलोन्याची म्हातारी, दोघी ठीक असाल. इथे दोन महिने पाऊस नाही. धरण आटलंय, दिवसाआड पाणी तोडतात. लाल मिरच्या मात्र यंदा झकास आल्यात. वीस किलो भाजून, सोलून चटणीच्या बरण्या भरल्या. एकटीला एवढ्या कशाला, ते विचारू नकोस.

पत्राचं कारण माझं छत. परवा गुरुवारी संध्याकाळी पाचला बाजारातून आले तर स्वयंपाकघरात पाऊस! बाहेर थेंब नाही आणि घरात धार. दिव्याच्या काचेच्या वाटीत पाणी साठलेलं, छताला हा एवढा फुगवटा. आधी मेन स्विच पाडला, मग विणायच्या सुईने फुगवटा फोडला, नाहीतर सगळं प्लास्टर बरण्यांवरच आलं असतं. बादलीभर पिवळं पाणी निघालं.

आपल्या इमारतीचा कारभारी मिंचो धावत आला. त्याने तळघरात जाऊन आपल्या जिन्यावरच्या सगळ्या घरांचं पाणी बंद केलं, आणि मग सुरू झाली पंचायत. मिंचो म्हणे, गच्ची गळतेय. "अरे, गच्ची पाच मजले वर, आणि पाऊस आहे कुठे?" मी म्हटलं. मग म्हणे, भिंतीतला पाइप गेला. समोरची पेन्का म्हणाली, "अगं वेलिका, सरळ वर बघ ना! तुझ्या बहिणीच्याच घरातून येतंय." पण तुझं घर तर चार वर्षं बंद. बंद घरात नळ उघडेल कोण? खरंच सांगते, तेव्हा माझं डोकंच चालेना.

मिंचोने तुला फोन लावला, तोही स्पीकरवर. तुझं बोलणं सगळ्यांनी ऐकलं. "फोडा दार, मिंचोभाऊ. किल्ली एकच ठेवली होती, ती ताईने ओसम नदीत टाकली. सगळ्या जिन्याला ओरडून सांगितलंय तिने. आणि हो, घराला गिऱ्हाईक मिळतंय का बघा. मला आता तिकडे यायचंच नाही."

चार वर्षांनी तुझा आवाज कानावर पडला आणि तो हे बोलत होता. कुलूपवाल्याने ड्रिल लावलं, तुझ्या दाराचा भुगा पायरीवर पडत होता, तरी मी गप्प.

आत घोटाभर पाणी. तुझा गालिचा तरंगतोय. नळ पूर्ण उघडा, मोरी पानांनी तुंबलेली. आणि मोरीत जिरेनियमच्या दोन कुंड्या, लालभडक फुललेल्या.

पेन्काने डोळे मोठे केले. "चार वर्षं बंद घरात ही फुलं? पाणी कोण घालतं, भूत?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला मेलीला दुसरं काही सुचेना. म्हटलं, "जिरेनियम चिवट असतं."

मिंचो हसला. मी नाही हसले.

स्नेझे, किल्ली माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होती. दार फोडत होते तेव्हासुद्धा. नदीत टाकली म्हणून ओरडले, कारण रागाच्या भरात दुसरं काही जवळ नव्हतं. दर गुरुवारी मी वर जाते. परवाही सकाळी नऊला गेले, कुंड्या मोरीत ठेवल्या, नळ उघडला, नुसतीच फुसफुस. पाणी तोडलंय हे ध्यानातच नव्हतं. तशीच खाली आले. नळ बंद केला की नाही? केलाच असेल, असं कालपर्यंत स्वतःला सांगत होते. नाही केला गं.

आणखी एक सांगायचंय. तू निघालीस त्या सकाळी मी जिन्यात म्हणाले ना, "लोकांच्या आईचं करायला चाललीस, आपल्या आईचं कोण करणार?" ते बोलून मी दार लावून घेतलं. पण दाराआड मी तांब्याचं भांडं भरून उभी होते. पाण्यात जिरेनियमची डहाळीही टाकली होती, निघणाऱ्याच्या वाटेवर आपल्याकडे पाणी सांडतात ना, तसं सांडायला. आई अंथरुणातून म्हणत होती, "जा, सांड गं, तिची वाट सरळ होऊ दे." तुझी बॅग एकेक पायरी खाली आदळताना ऐकत राहिले, पण माझ्याने कडी निघाली नाही. मग ते पाणी वर जाऊन तुझ्या कुंड्यांना घातलं. तेव्हापासून घालतेय. आई गेली त्या गुरुवारीही घातलं.

रंगारी म्हणतो, छत वाळायला महिना लागेल. ओल्यावरच रंग मारला तर डाग पुन्हा वर येतो. तुझा गालिचा माझ्या गॅलरीत वाळत टाकलाय. दार मी दुरुस्त करून घेईन.

मिंचोने नव्या कुलपाच्या दोन्ही किल्ल्या काही न विचारता माझ्या हातात दिल्या. एक या पाकिटात आहे. दुसरी मी ठेवू का? नको म्हणालीस तर मिंचोला देईन. नदीत नाही टाकणार.

घर विकू नकोस. तेव्हा माझ्या हातून भांडंभर पाणी सांडलं नाही, आता दोन मजले भिजवून बसलेय. एवढ्या पाण्यावरून तरी ये.

किल्ली खिशात ठेवून गप्प राहिलेली,
तुझी ताई
वेलिका