श्नेफ्रेझची पिन

१२ जानेवारी ६३, शनि.
श्नेफ्रेझ आजही सुरू नाही. दोरी ओढून ओढून खांदा निखळायचा बाकी. आजी खिडकीतून बघत होत्या. (तोंडावर फ्राऊ श्मिड, घरमालकीण. आजी फक्त या वहीत.) नवरा गेल्यापासून हे बर्फ फेकायचं यंत्र तळघरात पडून. मी करतो दुरुस्त, असं नाताळात छातीठोक सांगून बसलो. इंजिनावर डॉक्टरेट करतोय ना!
टाकीत जुनं पेट्रोल, वार्निशसारखा वास. काढून टाकलं. रस्ता शेवटी फावड्यानेच. जर्मनीत घरासमोरचा बर्फ घरमालकानेच काढायचा. सकाळी सातला फुटपाथ मोकळा नसला की समोरचे हेर (म्हणजे श्रीयुत) कोख पडद्याआड हजर.

१३, रवि.
कार्ब्युरेटर उघडला. जेटमध्ये कचरा, प्लग काळाकुट्ट. दोन्ही साफ केले. अकराच्या सुमारास धडधडली एकदाची! आजी "जा, जा" (इथलं हो, हो) म्हणत आत गेल्या आणि केक घेऊन आल्या.
त्यांचं सगळं या यंत्रावर आहे. मुलगा वेर्नर इंगोलश्टाटला. त्याचं म्हणणं, बर्फावरून एक जरी तक्रार आली तरी घर विकायचं आणि आईने त्याच्याकडे यायचं. आजी म्हणाल्या, "तिथे मी पाहुणी असेन, हेर दाते. इथे मी असते."

१६, बुध.
ओला बर्फ. फेकायच्या नळकांड्यात चिकटतो, नळकांडं फिरायलाही जड. आईने पाठवलेलं खोबरेल होतं, ते हीटरवर पातळ करून सढळ हाताने ओतलं. लोण्यासारखं फिरलं. स्वतःवर खूश. झोपताना बाहेर उणे अठरा.

१७
खोबरेल थिजलं. पुण्यात थंडीत बाटली उन्हात ठेवायचो, तरी अक्कल आली नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. नळकांडं कोखच्या फाटकाकडे तोंड करून घट्ट. मी यंत्र बंद करेपर्यंत त्यांच्या झाडून लख्ख केलेल्या पायऱ्यांवर अर्धा रस्ता. ते काय बोलले ते इथे लिहीत नाही.

१९, शनि.
कोखनी वेर्नरला फोन केला. पुढच्या रविवारी तो येतोय. रस्ता नीट दिसला तर बघू, असं म्हणाला म्हणे. आजी दुपारभर आधीच स्वच्छ असलेल्या खिडक्या पुसत होत्या. माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२४, गुरु.
तेल धुऊन काढलं, ग्रीस घातलं. झकास चालली. मग खट्‌. बर्फाखाली दगड. शिअर पिन तुटली. ती तुटायलाच असते. पात्याला काही अडलं की पिन जाते आणि गिअर वाचतो. इन्स्टिट्यूटमधल्या पोरांना मीच हे शिकवतो. दुकानात पिन सोमवारनंतर. वेर्नर रविवारी.

२६, शनि.
रात्रीत गुडघाभर. फावड्याने दुपारपर्यंत निम्मंही होईना, पाठ मोडली, वरून पडतंच आहे. पिनेच्या जागी पोलादी बोल्ट घातला. कळत होतं. तरी घातला. उद्या रस्ता मोकळा दिसलाच पाहिजे, एवढंच डोक्यात.
फाटकापाशी गोठलेलं ढेकूळ. बोल्ट तुटला नाही. गिअर तुटला. आवाज ऐकून आजी घरातल्या सपाता घालूनच बाहेर आल्या. दातेरी चाकाचे तुकडे बघितले. मला रडू येत होतं.

२७, रवि.
वेर्नर आला. यंत्र रस्त्यात आडवं, तसंच. मी तोंड उघडायच्या आत आजी म्हणाल्या, "मी चालवत होते." त्र्याहत्तर वर्षांची बाई. यंत्राला हात लावायलाही घाबरते. माझ्यासाठी खोटं बोलली आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला, हे तिला कळलं का, देव जाणे. मी सांगितलं, नाही, मी मोडलं. पिन, बोल्ट, सगळं.
तो शांतपणे म्हणाला, "कोणी मोडलं याने काय होणार, हेर दाते? बर्फ तर पडणारच." माणूस वाईट नाही. आईची काळजी आहे त्याला. महिनाअखेर, म्हणजे फेब्रुवारीच्या, गाडी घेऊन येतो म्हणाला. आजी कॉफी ओतत राहिल्या.

४ फेब्रु.
गिअरसाठी लिहिलं होतं. उत्तर आलं, हे मॉडेल बनवणं बंद. इन्स्टिट्यूटच्या वर्कशॉपमध्ये विचारलं. बघू, म्हणाले. इथलं बघू आणि आपल्याकडचं बघू यात फरक नाही. प्रबंधाचं पान आठवडाभर तिथेच.

९, शनि.
आजींनी तळघर आवरायला काढलंय. कॉफीचा एक जुना डबा घेऊन वर आल्या. आत बोटाएवढ्या पिना, भरपूर. नवऱ्याने स्वतः कापून ठेवलेल्या, एकसारख्या. "हे कशाचं आहे, हेर दाते? टाकून देऊ?"
घरात काही सुटे भाग आहेत का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. राहू द्या, एवढंच म्हणालो. कशाचं ते सांगितलं नाही, सांगवलं नाही.
त्यांनी डबा न्यायच्या खोक्यात नाही ठेवला. परत फळीवर ठेवला.
आता बाहेर भुरभुर सुरू झालीय. दारामागे फावडी दोन आहेत. मोठं मी घेतो, लहान आजींना.