बेतायच्या टेबलावरचं चीज

आदरणीय अक्का,

तुम्हाला आम्हा दोघांचा नमस्कार. माझा जरा जास्त वाकून, कारण हल्ली कंबर एकदा वाकली की लगेच सरळ होत नाही आणि नमस्कार आपोआप लांबतो. तुमचं पत्र पोचलं. (पत्र कसलं, वॉर्डातल्या पलंगाला अडकवायची पाटीच ती. 'येते आहे. दोन महिने राहीन. तुमच्या खाण्याला वळण लावायचं आहे. ते चीज आधी घराबाहेर काढा.' खाली सही आणि सहीखाली रेघ.) आपली प्रकृती उत्तमच असणार. उभा जन्म हॉस्पिटलात मेट्रन म्हणून काढलेल्या बाईच्या वाटेला जायची आजाराची काय बिशाद. तरी रीत म्हणून गुडघ्यांचं विचारतो. ते कसे आहेत? लांबचा प्रवास त्यांना झेपेल का? घाई करू नये, असं मला आपलं वाटतं.

इकडचं म्हणाल तर सर्व ठीक आहे. माझं बीपी गोळीच्या आज्ञेत आहे. तुमच्या धाकट्या बहिणीचं पोट दुधाशी कायमचं भांडलेलं असलं तरी बाकी सगळ्यांशी त्याचं बरं चाललं आहे. काळजीचं काहीही कारण नाही. हे मी मुद्दाम पहिल्याच पानावर लिहून टाकतो, कारण पुढची पानं वाचून तुमचं तसंच मत राहील याची मला खात्री नाही.

आता चीजबद्दल. ते घराबाहेर काढा हे वाक्य मी चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचलं. तुम्हाला वाटेल खादाडपणा. (तो थोडा आहे, नाकारत नाही.) पण खरं कारण रविवारची संध्याकाळ आहे. लग्न करून आम्ही या घरात आलो तेव्हा पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान तयार होतं आणि मागच्या खोलीत शेगडीसुद्धा आलेली नव्हती. घरात टेबल म्हणाल तर एकच, कापड बेतायचं. त्या रविवारी मी चिंध्या झाडल्या, खडूचे डाग पुसले, त्यावर मेणकापड घातलं, आणि आम्ही समोरासमोर बसून पाव आणि चीज खाल्लं. पुढे शेगडी आली, जेवायचं टेबलही आलं, पण रविवारची संध्याकाळ बेतायच्या टेबलावरून हलली नाही. त्या दिवशी ही स्वयंपाकाला हात लावत नाही आणि मी कात्रीला. आठवडाभर मी मशीनवर आणि ही काजं-बटणं घेऊन खिडकीशी, म्हणजे पाठीला पाठ. तोंडाला तोंड लागतं ते एवढंच. (भांडणाच्या अर्थानं नव्हे. त्याला बाकीचे सहा दिवस आहेत.) काय काय खाल्लं नाही त्या टेबलावर! पावावर लोण्यासारखं माखायचं पांढरं, धुरावर धरलेलं तपकिरी, शेळीच्या दुधाचं, ज्याचा वास आधी आत येतो आणि मग ते स्वतः येतं. निळ्या शिरांचं पहिल्यांदा आणलं तेव्हा मी ते खराब निघालेला कापडाचा ताका परत करावा तसं परत करायला निघालो होतो. हिनं हात धरून बसवलं आणि आधी चाखायला लावलं. तेव्हापासून ते हिच्याइतकंच मलाही लागतं.

मग डॉक्टरांनी माझं मीठ तोडलं आणि पाठोपाठ हिच्या पोटानं दूध सोडलं. आमचे डॉक्टर तरुण आहेत आणि वाईट बातमी फार आनंदानं सांगतात. म्हणाले, चीज मुरत जातं तशी त्यातली दुधातली साखर जवळजवळ संपते, म्हणून बाईंनी जुनं, कडक चीज खायला हरकत नाही. पण त्यात मीठ चिक्कार, म्हणून ते तुम्हाला बंद. तुम्ही ताजं, मऊ, बिनमिठाचं खा. पण त्यात दुधातली साखर तशीच, म्हणून ते बाईंना बंद. म्हणजे जे हिला चालतं ते मला चालत नाही आणि जे मला चालतं ते हिला. एवढं चोख जुळलेलं आमचं आयुष्यात दुसरं काही नाही. एका टेबलावर दोन ताटल्या आल्या. हिच्यात जुनं, पिवळं, खमंग. माझ्यात धुतलेल्या रुमालाच्या चवीचं काहीतरी.

कडक चीजची मला अगदीच मनाई नव्हती. आठवड्यातून एकदा काड्यापेटीएवढा तुकडा चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते. अक्का, मी शिंपी आहे. कुठलंही माप घेतलं की शिवणीत दाबायला चारी बाजूंनी थोडं जास्त कापड सोडायचं, त्याला आम्ही माया म्हणतो. माया न ठेवता कापलेला कपडा पुढे-मागे उसवून वाढवता येत नाही, गिऱ्हाईक शिव्या देतं. या हाताला तेच वळण. काड्यापेटी मापून घेतली, चारी बाजूंनी माया सोडली, आणि जो तुकडा निघाला त्यात काड्यापेट्यांचं एक खोकं बसलं असतं. बरं, हे हिच्या देखत शक्य नव्हतं, म्हणून ही पाणी आणायला उठली की मी तेवढ्यात बेतून घ्यायचो. पुढच्या तपासणीला बीपीनं चहाडी केली. डॉक्टरांनी हिच्यासमोरच विचारलं, मीठ कुठून जातंय? मी भिंतीवरचा फुप्फुसांचा तक्ता वाचू लागलो. ही माझ्याकडे बघत होती.

घरी आल्यावर ती चिडेल अशी मी तयारी केली होती, चार सबबीसुद्धा शिवून ठेवल्या होत्या. त्यातली एकही लागली नाही. पुढच्या रविवारी मेणकापड घातलंच नाही. स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या उभ्या तिनं पावाचा तुकडा खाल्ला. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "माझ्या ताटलीतल्या चीजनं तुम्हाला काही झालं, तर ते मला जन्मभर गिळायचंय." मी पुढच्या खोलीत जाऊन एकटाच टेबलाशी बसलो. त्याच्या आदल्या दिवशी मी हिला विचारून एक पँट दोन बोटं आखूड केली होती आणि मापात चूक हिची होती का माझी, यावर आमचा वाद अर्धा राहिला होता. तो पुरा करायलासुद्धा समोर कोणी नव्हतं. मला फार वाईट वाटलं, अक्का. हे मी गमतीत लिहीत नाही.

तेव्हा मी रविवार परत आणायचं मनावर घेतलं. आधी काजूचं चीज आणलं. ते दुधाशिवाय, म्हणून हिला चालणारं. चीज म्हणून खाल्लं तर फसल्यासारखं वाटतं आणि काजू म्हणून खाल्लं तर काजूंची कीव येते. वर मीठ होतंच. मग मला माझ्याच धंद्यातली युक्ती सुचली. कोरं कापड बेतण्याआधी पाण्यातून काढतात, म्हणजे जे आटायचं ते आधीच आटतं आणि खळही निघून जाते. खळ निघते तर मीठ का निघू नये? हिच्या त्या जुन्या चीजचा मोठा तुकडा मी शनिवारी बादलीत भिजत घातला, चारदा पाणी बदललं (बादली स्वच्छ होती, तेवढा विश्वास ठेवा), रविवारी सकाळी मलमलीत बांधला, आणि निथळायला वारा कुठे चांगला लागतो ते बघून दुकानात तयार कपड्यांच्या दांडीवर, दोन हँगरांच्या मध्ये टांगला. उजवीकडे एका शिक्षकाची पँट होती. डावीकडे वकीलसाहेबांचा काळा कोट.

थेंब उजवीकडे पडले असते तर हे पत्र इथेच संपलं असतं. ते सगळे, दिवसभर आणि रात्रभर, कोटाच्या वरच्या खिशात पडले. काळ्या कापडावर ओल दिसत नाही. सोमवारी मी कोटावर गरम इस्त्री फिरवली आणि दुकानात असा काही वास उठला की मी शेजारच्या न्हाव्याला गटाराबद्दल बोलून आलो. (तो अजून माझ्याशी बोलत नाही.) वकीलसाहेब कोट घालून तडक कोर्टात गेले. तिथे खोली भरलेली, खिडक्या बंद, आणि साहेब पोटतिडकीनं बोलणारे, म्हणजे अंग तापणारच. असं ऐकलं की समोरच्या बाजूच्या साक्षीदारानं एरवी तासभर टाळली असती ती सगळी उत्तरं हो-नाहीत देऊन टाकली आणि न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंना थोडक्यात आटपायला सांगितलं. आमचे साहेब जिंकले. दुसऱ्या दिवशी ते दारात उभे राहिले तेव्हा मी शिलाईचे पैसे परत करायला गल्ला उघडला, पण ते इकडेतिकडे बघून हळूच विचारत होते, की हा वास एका धुण्यात जातो का टिकतो.

तुकडा म्हणाल तर मीठ आत तसंच राहिलं आणि चव तेवढी कोटात गेली. हिला सगळं कळलं तेव्हा ती दाराची चौकट धरून हसली. बऱ्याच दिवसांनी. मला वाटलं, जिंकलो. पण रविवारी मेणकापड तसंच घडी घालून ठेवलेलं.

शेवटी मी चीजच्या दुकानातल्या बाईंना आमची दोघांची दुखणी सविस्तर सांगितली. मागे रांग होती, तिनंही ऐकली. (एकीनं हिच्या पोटाला ओव्याचं पाणी सुचवलं.) बाईंनी भोकांचं चीज पुढे सरकवलं. ते मुरलेलं, म्हणून दुधातली साखर नावापुरती, आणि मीठ बाकीच्यांपेक्षा पुष्कळ कमी. मी ते जन्मात कधी घेतलं नव्हतं, कारण भोकं दिसली की शिंप्याला कापड खाणारी कसरच आठवते. माझ्या शब्दावर हिचा विश्वास उरलेला नव्हता, म्हणून हिनं स्वतः डॉक्टरांना फोन केला. बेतानं दोघांनाही चालेल, असं ते म्हणाले, आणि चांगली बातमी असल्यामुळे जरा नाराज वाटले.

तर अक्का, गेले काही रविवार मेणकापड पुन्हा पडतं. चीजची चव सौम्य आहे, भाडं वेळेवर देणाऱ्या भाडेकरूसारखी, तक्रारीला जागा नाही आणि आठवणीतही राहत नाही. पण ही समोर बसते. सुरी तिच्याकडे असते, माझ्या हातात दिली जात नाही. मी तिला कुठल्या गिऱ्हाइकाची कंबर किती वाढली ते सांगतो आणि ती ऐकते. थोडक्यात काय, तुम्ही जे वळण लावायला येणार होता ते आधीच लागलेलं आहे.

तब्येतीला जपावं. लोभ आहेच, तो सध्या जिथे आहे तिथूनच करावा.

आपला धाकटा मेहुणा,
शिंपी

ता. क. आता मुद्द्याचं. तुम्ही इतक्यात येऊ नये, ही हात जोडून विनंती. आतल्या खोलीतल्या पलंगावर शाळेच्या गणवेशाचे ताके रचलेले आहेत आणि ते हलवायला जागा नाही, असं कोणी विचारलं तर सांगावं. खरी गोष्ट अशी की आमचा रविवार अजून कच्च्या टाक्यावर आहे. तुम्ही त्या टेबलाशी बसून दोन्ही ताटल्यांकडे एकदा तुमच्या पद्धतीनं बघितलंत, की ही उठून ओट्याशी जाईल आणि परत येणार नाही. हिला यातलं काही कळवू नका. तुम्ही येणार हे तिला माहीतच नाही.

ता. क. (हे अक्षर तुझ्या ओळखीचं आहे.) अक्का, ह्यांनी हे पत्र अस्तराच्या कापडात लपवलं होतं. अस्तर मी लावते, हे ह्यांच्या लक्षात राहत नाही. तुला मीच बोलावलंय तेही ह्यांना माहीत नाही, ते तसंच राहू दे. ताक्यांचं खोटं नाही, पण ते हलतात. तू ये. फक्त चीज घराबाहेर काढू नकोस, ते तू आपल्या मनानं घातलंस. रविवारी आम्ही समोरासमोर बसतो ते खरं आहे, पण मी जेवत नाही गं, पहारा देते. डोळे सारखे ह्यांच्या हातावर. कोणाची कंबर किती वाढली ते हे सांगतात, त्यातलं निम्मं माझ्या कानावरून जातं, कारण मी मनात तुकडे मोजत असते. ह्यांना काही झालं तर, हे एकच डोक्यात. थकले मी. तू टेबलाशी बस आणि पहारा तू घे. मला ह्यांच्या समोर नुसतं बसायचंय.

ता. क. अक्का, मी पाकीट उघडं ठेवलं होतं, ते मला चिकटलेलं सापडलं. पाकिटं आपोआप चिकटत नाहीत, म्हणून इस्त्रीच्या वाफेवर सोडवलं. वाचलं. ताके खाली उतरवले आहेत, चादर घातली आहे. मिळेल त्या गाडीनं या, आणि दोनच महिन्यांचं काही धरून बसू नका, हवं तितकं राहा. मी हे वाचलं असं हिला कळू देऊ नका. तुमच्या धाकानं तयार झालो एवढंच सांगा, ते तिला लगेच पटेल.