मागच्या बाकावरची एकतीस वर्षं

२१ सप्टेंबर, रविवार
एस.टी.नं गोंदियाला चर्चमध्ये, रविवारच्या मिस्सेला. परमप्रसादाला सगळे उठले, मी मागच्या बाकावरच. लग्न चर्चला न विचारता, यांच्या घरच्या मंडपात, भटजीपुढं झालं. तेव्हाचे फादर म्हणाले होते, हा संसार आहे तोवर प्रसाद नाही.
हे मोटरसायकलवर आणायचे, मिस्सा होईपर्यंत चर्चच्या आवारातल्या चिंचेखाली बसायचे. मी बाहेर आले की, "का मास्तरीण, देवानं आज तरी वाढलन का?" मी मान हलवायची. "तं चाल, मी चारतो." नाक्यावर आलूबोंडा. पुस्तकं वाचते म्हणून मास्तरीण. शाळा चौथीच.

२८ सप्टेंबर
नवे फादर केरळचे. "आप बैठे क्यों रहते हैं?" सांगितलं. हे फेब्रुवारीत गेले, तेही. म्हणाले, "तो अब रुकावट कहाँ? पापस्वीकार करके आइए."
घरी धर्मशिक्षेचं पुस्तक काढलं. वर्षातून एकदा तरी पापस्वीकार, फादरच्या कानात आपली पापं सांगायची. आणि पश्चात्तापाशिवाय क्षमा नाही. तीनदा वाचलं.
पश्चात्ताप कशाचा? यांचा?

५ ऑक्टोबर
गेले नाही. थोरल्या जाऊबाई बांधावरून, "काऊन वं, आज देवाले सुट्टी?" सगळं सांगितलं. "मंग सांग ना खोटं. त्याले का समजते?"
"त्यालेच तं समजते, बाई."
पुष्कळ दिवसांनी दोघी हसलो.

१२ ऑक्टोबर
केला पापस्वीकार. पापं कागदावर लिहून नेली होती, सगळ्यात वर लग्न. तिथंच अडकले. शेवटी म्हटलं, फादर, चर्चला विचारलं नाही याचं वाईट वाटते. त्या माणसाचं नाही. हे पाप असेल तर क्षमा नको.
ते म्हणाले, "पति के लिए पछताने को किसने कहा? जो पहले कहा, उतना काफी है."
क्षमा दिली. एस.टी.त खिडकीशी बसून रडले. छाती इतकी हलकी, की आपला स्टॉप गेला.

१९ ऑक्टोबर
घेतला. जिभेवर लगेच विरघळला.
बाहेर येऊन चिंचेकडे पाहून मान हलवली. या वेळी होकाराची. आलूबोंडा एकटीनं खाल्ला. तिखट होता.

२६ ऑक्टोबर
दोन तारखेला मृतांचा दिवस. वेदीवरून वाचायची नावं सिस्टर लिहून घेत होत्या. यांचं नाव मी उभ्या जन्मात तोंडानं घेतलं नाही. कागद मागून घेतला, लिहिलं: धनलाल.
सिस्टर थांबल्या. "बपतिस्मा तो नहीं हुआ था न?"
फादर म्हणाले, प्रार्थना तर नक्की करीन. नाव मोठ्यानं वाचायचं का, ते बिशपांना विचारून कळवतो.
राग आला नाही. पूर्वी आला असता.

१ नोव्हेंबर
फादरचा निरोप नाही. उद्या सगळे कबरींवर मेणबत्त्या लावतील. यांची राख वैनगंगेत. माझी मेणबत्ती चिंचेखाली लावीन.
जाऊबाई येतो म्हणतात. नवं लुगडं काढून ठेवलंय. "नाव नाही घेतलन तं मी मागून ओरडीन."
"मागंच बसावं लागेल तुम्हाले."
"आन् तू?"
प्रसाद घेऊन मागंच येईन म्हटलं. एकतीस वर्षांची जागा आहे.