दोनच ताटल्या

२४ ऑक्टो., शुक्र.
सुजाताने सकाळी काही घेतलं नाही. दुपारी अर्धी पोळी, वरण बाजूला सारून. रात्री "पोट भरलंय."
कल्याणच्या डॉक्टरबाईंचा कागद पुन्हा वाचला. जबरदस्ती नको. ताटाकडे बघत बसू नका. सगळ्यांनी एकत्र बसून खा.
जूनपासून चाललंय. मला कळलं सप्टेंबरात, तिच्या शाळेत प्रार्थनेच्या रांगेत पडली तेव्हा. मी शिक्षिका. शाळेत खिचडीची रोज चव घेऊन वहीत सही करते, मग पोरांना वाढतात. आणि लेकीचा डबा रिकामा घरी येतोय म्हणून खूश होते. डबा मैत्रिणी खात होत्या.
सुट्टीत पाळण्यांच्या पार्कला जायचं तिनेच काढलं. या वर्षात मागितलेली पहिली गोष्ट. अट एकच. "हॉलमध्ये नाय खाणार मी. लोक बघतात." म्हणजे नाश्ता हॉटेलच्या खोलीत. खोलीत किटली आहे, छोटा फ्रीज आहे. बाकी काही नाही.

२५ ऑक्टो., शनि.
सकाळभर प्रयोग. रवा भाजला, फोडणी कोरडी, कढीपत्ता कडक होईपर्यंत. डब्यात उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकण. आधी गोळे झाले. दुसऱ्यांदा उपमा जमला. विलासला दिला. म्हणाला, "नोकरी सोड, हायवेला गाडी लावू."
सुजा दारात उभी. "एक वाटीला पाणी किती घातलंस?" सगळं विचारते. व्हिडिओ बघून वहीत उतरवते. खात नाही.
तिचं नाव सासऱ्यांनी, विलासच्या वडिलांनी, ठेवलेलं. बुद्धाला खीर देणारी. डॉक्टरबाईंच्या फायलीवर ते नाव वाचवत नाही.
यादी: उपम्याचा डबा, चिवडा, खजुराचे लाडू, ब्रेड, शेंगदाण्याची चटणी, केळी, चमचे, ताटल्या. दोनदा तपासली.

२७ ऑक्टो., सोम.
मुरबाड-कर्जतमार्गे आलो. शेतात भात कापून पडलेला, वर ढग. वि. गाडी चालवताना सारखा आरशातून मागे बघत होता. खोली बरी. खिडकीतून पार्कातला मोठा पाळणा दिसतो. सुजा बराच वेळ खिडकीत. "उद्या किती वाजता उघडतं गो?" आवाजात जुनं काहीतरी होतं.
डबे टेबलावर मांडले. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाकं मांडतात तसे.

२८ ऑक्टो., मंगळ.
सकाळी उपमा मऊ झाला. वि. पलंगाच्या कडेला, ती टेबलाशी.
"तुझी ताटली?" तिने मला विचारलं.
"तुमचं होऊ दे. मी मागून खाते."
मी किटली धुतली, केळी पुसली, टॉवेलांच्या घड्या केल्या. बघायचं नाही म्हणून. वळले तर तिची ताटली चाटूनपुसून स्वच्छ. बाथरूममध्ये नळ सोडून रडले.
पार्कात दुसऱ्याच रांगेत ती चक्कर येऊन खाली बसली. तिथे कामाला असलेल्या मुलीने बाहेर काढून पाणी दिलं. "काय खाल्लंस का सकाळी?"
"हो. उपमा." माझ्याकडे बघून म्हणाली.
संध्याकाळी कचऱ्याच्या बादलीत टिश्यूत गुंडाळलेला उपमा. अख्खा.
मी बोलले. जे बोलायचं नाही तेच. "तुला आम्हाला मारायचंय का?" वि.ने माझा हात धरून बाहेर नेलं. खोलीचं दार लागलं.

२९ ऑक्टो., बुध.
माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे."
आज तिघांनी बसायचं ठरवलं. पिशवीत ताटल्या दोनच. विसरले, असं लिहिणार होते. विसरले नाही. माणसं तीन, ताटल्या मोजून दोन ठेवल्या, यादी दोनदा तपासली, आणि काही चुकलंय असं वाटलं नाही.
डब्याच्या झाकणात उपमा घेतला. चमचाभर.
"आई, एवढंच?"
"मला सकाळी जात नाही."
"मला पण."
वि. उगाच हसला.
तिचा उपमा सुकून गेला. पार्कात गेलो नाही. पैसे भरलेले, पण वि.ने तो विषय एकदाही काढला नाही. ती खिडकीत बसून पाळणा बघत होती.
कारण मीच असेन? डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, एकच कारण शोधू नका. मी शोधतेय. माझी चूक निघाली तर निदान सुधारता येईल. हाही स्वार्थच.

३० ऑक्टो., गुरु.
परतताना मुरबाडहून वाट वाकडी करून टोकावड्याला, माझ्या आईकडे. पोचताच तिने तांदळाच्या भाकऱ्या टाकल्या, वालाची भाजी केली. तीन ताटं मांडली.
"तुझं, आई?"
"मी मागनं खाईन गो. तुमी बसा. चूल तापलीय तवर."
सुजाने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. किती महिन्यांनी. पण ते हसणं बघवलं नाही.
आईला वाटलं नात खूश आहे. "बघ, आजीकडं आल्यावर कशी खुलली पोर!" अजून एक भाकर वाढली तिला. ती तशीच राहिली. आम्ही निघालो तेव्हा आई तीच भाकर चुलीपाशी उभ्याने खात होती.

१ नोव्हें., शनि.
शहापूर, घरी. सकाळी उरलेला डबा काढला, उकळतं पाणी, दहा मिनिटं. टेबलावर तीन ताटल्या. तिन्हींत सारखं वाढलं. मी बसले. पाय सारखे ओट्याकडे वळत होते.
पहिला घास घेतला. गिळताना जड गेला. गेल्या किती वर्षांत सकाळी आठ वाजता बसून खाल्लंय, आठवत नाही. दुसरा घेतला. नाटक करतेय का, ते मलाच कळेना. तिला कळत असावं. ती माझ्या ताटलीकडे बघत होती. डॉक्टरबाईंनी मला सांगितलं होतं बघू नका म्हणून, तिला नाही.
गॅसवर दूध होतं. वर आल्याचा आवाज आला.
"आई, दूध."
"जाऊ दे."
उतू गेलं. करपल्याचा वास घरभर. वि. उठून गॅस बंद करून आला, परत बसला. मी उठले नाही. तिसरा घास.
सुजाने ताटली जवळ ओढली. चमचा उचलला नाही. उठलीही नाही.
उपमा गार झाला. आम्ही तिघं बसलेलो.