खुर्चीखालचं पान

सर, आज वर्गात तुमची लाडकी कादंबरी शिकवली. कर्मठ प्युरिटन लोकांचं गाव, पापाची खूण छातीवर लावून चारचौघांत उभी केलेली बाई, आणि त्याच पापातला भागीदार असलेला धर्मगुरू, जो वर्षानुवर्षं गप्प बसतो. गंगाखेडच्या याच कॉलेजात तुम्ही ती शिकवायचात, तेव्हा माझ्या हातात गाईड बघून भडकला होतात. "चिपाड कशाला चघळायलीस? कादंबरी वाच की!" असं म्हणून स्वतःची प्रत माझ्यासमोर ठेवलीत. मी ती वाचली नाही. जाडजूड होती, आणि गाईडमध्ये उत्तर तयार होतं.

परीक्षेला 'पाप आणि अपराधभावना' हाच प्रश्न आला, आणि आमच्या वर्गावर देखरेखीला तुम्हीच होतात. गाईडचं पान मांडीवर ठेवून मी उतरवतेय, आणि फाटकातून भरारी पथकाची जीप आत येते. पोरं भराभर कागद खिडकीबाहेर फेकतात. माझा बाक पहिला, खिडकी लांब. मी पान पायानं पुढं ढकललं, ते थेट तुमच्या खुर्चीखाली गेलं. पथकातल्या साहेबांनी ते उचललं. "काय सर, तुमीच पुरवायलाव का?" तुम्ही माझ्याकडं एकदाच पाहिलंत. मग म्हणालात, "माझं ध्यान नव्हतं साहेब. चूक माझी हाय." चौकशी झाली, विभागप्रमुखपद गेलं, आणि गावानं तुमचं नावच 'कॉपीवाले सर' करून टाकलं. भाजीवालासुद्धा त्याच नावानं ओळखायचा. ते नाव अंगावर घेऊनच तुम्ही गेलात. त्या पेपरात मी कॉलेजात पहिली आले होते. मला माझी किळस येते, सर.

आज एका मुलीनं विचारलं, "मॅडम, त्यो धर्मगुरू सांगत का न्हाई? येवढी वर्षं?" भितो, म्हटलं. मग राहवेना, म्हणून तुमची गोष्ट सांगितली, खुर्चीखालच्या पानासकट. तिनंच परत विचारलं, "अन् ती पोरगी कोण व्हती?"

तुमच्या माघारी काकू हल्ली त्यांच्या माहेरी, वालूरला असतात. तुम्हाला त्या दिवशी डुलकी लागली होती, असंच त्यांना अजून वाटतं. हे पत्र त्यांच्या पत्त्यावर टाकावं म्हणून पाकीट आणलं होतं. ते रिकामंच राहू दे. पत्र माझ्याकडंच राहिलेल्या तुमच्या प्रतीत ठेवतेय, जिथं कुणी बघणार नाही. त्या मुलीला मी सांगितलं, नाव आता आठवत नाही.